दुधी: आधी जिभेवर, मग कढईत

आमच्या वरच्या दोन खोल्यांत कॉलेजची मुलं भाड्यानं राहतात. सांगलीच्या विश्रामबागेत हे घरोघरी आहे. पावसाळ्यात नवी तुकडी येते, दिवाळीपर्यंत मेसचं जेवते, आणि मग एका रविवारी छोटा सिलिंडर आणि शेगडी जिना चढून वर जाते. त्याच संध्याकाळी कुणीतरी दारात येऊन उभं राहतं. "काकू, एकदम सोपी भाजी कुठली?"

मी दुधी म्हणते आणि त्यांची तोंडं बघत राहते.

दुधीचं आमच्याकडे असंच आहे. कृष्णाकाठची वांगी म्हटलं की सांगलीकराची छाती फुगते. दुधी मात्र आजाऱ्याचा, बाळंतिणीचा, कवळी बसवलेल्या आजोबांचा. परीक्षेत शून्य मिळालं तरी आपण म्हणणार भोपळा मिळाला.

मागे एका मुलानं मला फोनवर आलेला मजकूर वाचून दाखवला. वर लिहिलं होतं, दुधीचा रस हृदयाच्या बंद नळ्या उघडतो. खाली लिहिलं होतं, दुधीबरोबर कारलं, बीट, कोबी, दूध यातलं काही खाल्लं तर पोटात विष तयार होतं. एकच भाजी, वरच्या ओळीत अमृत, खालच्या ओळीत जहर. बिचारा दुधी छातीशी धरून उभा होता. "मग खाऊ का नको?"

खा. पण ज्याला खरंच भ्यायचं, त्याबद्दल त्या मजकुरात एक अक्षर नव्हतं. नव्यानं सांडशी हातात घेतलेल्यांसाठी ते इथे क्रमानं सांगते.

पायरी १: मंडईत

मारुती रोडला किंवा शिवाजी मंडईत सकाळी गेलात तर दुधी ताजा मिळतो. संध्याकाळी उरलेला असतो, थोडा स्वस्त, थोडा मऊ पडलेला. आजच करणार असाल तर तोही चालतो.

दुधी निवडताना लोक काय करतात, तर अंगठ्याचं नख खुपसतात. नख आत गेलं तर कोवळा, न गेलं तर निबर. परीक्षा खरी आहे, पण विकणाऱ्याच्या मालाचं वाटोळं करते. जिथे नख लागलं तिथे काळा डाग पडतो. मी ज्या अक्कांकडून भाजी घेते त्या गिऱ्हाईकाचा हात वरच्या वर धरतात. "नख नगा लावू ओ ताई, मग दुसरं कोन घेत न्हाई."

नखाशिवायही कळतं. सालीवरून बोट फिरवा. कोवळ्या दुधीवर बारीक लव असते, बोटाला मखमल लागल्यासारखं वाटतं. निबर झाला की ती जाते आणि साल चकचकीत, टणक होते. रंग फिकट पोपटी हवा. देठ हिरवा आणि ओलसर हवा. मग दोन सारख्या आकाराचे दुधी दोन हातांत घ्या आणि जड असेल तो पिशवीत टाका. हलका म्हणजे आतून भेंडाळलेला, बी धरलेला. दोन माणसांना अर्धा किलोचा पुरतो. हातभर लांबीचा, लग्नाच्या पंगतीला शोभेलसा दुधी नव्या माणसानं आणू नये. अर्धा फ्रीजमध्ये पडतो, आठवड्यानं बुळबुळीत होतो आणि दुधी वाईट असं नाव होतं.

लांब असो, गोल असो, चव सारखीच. मांडवावर चढवलेल्या वेलाला फळ लोंबतं म्हणून ते सरळ आणि सारख्या रंगाचं येतं. जमिनीवर लोळलेल्याला एका अंगाला पिवळट चट्टा असतो. तो दोष नव्हे.

आणि एक गोष्ट बाहेरून कधीच कळत नाही, कितीही अनुभवी माणूस असला तरी. तिच्यासाठी दुसरी पायरी.

पायरी २: चाखा

दुधी धुवा, सोला. सोलून झाला की देठाकडून, मधून आणि बुडाकडून करंगळीच्या नखाएवढा एकेक तुकडा काढा. कच्चाच दाढेखाली धरून चावा. चांगला दुधी काकडीसारखा लागतो, पाणचट, किंचित गोड, खरं म्हणजे बेचव. हीच त्याची योग्य चव.

कडू लागला तर थुंका. चूळ भरा. अख्खा दुधी टाकून द्या.

अख्खा म्हणजे अख्खा. देठाकडचा भाग कापून उरलेला घ्यायचा नाही. काकडीचं डोकं कापून, घासून, फेस काढून कडूपणा काढायची आपल्याला सवय आहे. त्या घासण्यावर इथे अजिबात विसंबू नका. दोन दुधी आणले असतील तर दोन्ही वेगवेगळे चाखा, एक गोड निघाला म्हणून दुसरा निघेलच असं नाही.

हे मी एवढ्या जोरात सांगते त्याला कारण आहे. आमच्या घरी फार वर्षांपूर्वी एक दुधी कडू निघाला होता. भाजी शिजल्यावर मला ते कळलं, कारण कच्चा चाखायची पद्धत आमच्यात नव्हती. मी काय केलं? गुळाचा खडा टाकला. एक टोमॅटो चिरून घातला. वर चमचाभर चटणी. (इतर गावच्या मुलांसाठी सांगते, आमच्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला.) एवढं केल्यावर कडूपणा मागे सरला, गेला नाही. सासूबाईंनी दोन घास खाऊन ताट सरकवलं. मी आणि यांनी मात्र अन्न वाया जायला नको म्हणून संपवली. तासाभरात पोटात पिळ पडायला लागला, मग उलट्या, मग जुलाब. रात्री मिरजेला एका दवाखान्यात दोघांना शेजारी शेजारी सलाईन लावलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? दुधीची भाजी. कडू होती? होय. मग खाल्लीत कशाला?

याला उत्तर नव्हतं. टाकून द्यायचं जिवावर आलं, एवढंच.

कडूपणा येतो तो कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे. काकडी, दोडका, दुधी, टरबूज या सगळ्या वेलवर्गात ती कमीअधिक असतात. किडीनं, जनावरांनी आपल्याला खाऊ नये म्हणून वेलानं केलेली ही सोय. माणसानं पिढ्यानपिढ्या गोड फळांचं बी राखत ती बाजारातल्या दुधीतून जवळजवळ घालवली, पण कधीमधी एखाद्या फळात ती पुन्हा डोकं वर काढते. बियाण्यातच दोष असतो, किंवा वेलाला पाण्याचा ताण आणि उन्हाचा तडाखा बसलेला असतो. आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेला, जत-आटपाडीच्या दुष्काळी भागात, पाणी म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. पण नदीकाठचा दुधी गोडच असतो असाही नियम नाही.

शिजवल्यानं हे द्रव्य जात नाही. कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच, ही म्हण कारल्यासाठी आहे. पण कारलं कडू असणं हा त्याचा स्वभाव, आणि दुधी कडू असणं ही धोक्याची खूण. फरक इथेच आहे.

कडू भोपळ्याचा उपयोग बघायचा असेल तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जा. तानपुऱ्याचा तो मोठा गोल तुंबा म्हणजे वाळवलेला भोपळाच, दुधीच्याच जातकुळीतला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे तो मुद्दाम पिकवतात, वेलावरच निबर होऊ देतात, मग वाळवून कोरतात. तो कडू असतो म्हणून त्याला कीड सहसा लागत नाही, असं कारागीर सांगतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तेव्हा कडू भोपळ्यानं गावं, गोड भोपळ्यानं जेवावं. दोघांची अदलाबदल नको.

कडू पोटात गेलाच तर

सहसा काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत कळतं. पोटात कळा, मळमळ, उलट्या, जुलाब. जास्त गेला असेल तर उलटीत रक्त, चक्कर, अंगाला घाम, रक्तदाब खाली येणं.

दोन घास खाल्ले आणि काही होत नसेल तर लक्ष ठेवा, पुढे खाऊ नका. त्रास सुरू झाला की घरगुती उपाय करत बसू नका. लिंबूपाणी, ताक, ओवा, घशात बोटं घालून उलटी काढणं, यातलं काही नको. सरळ दवाखाना गाठा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा: कडू दुधी खाल्लाय, इतका, इतक्या वाजता. यावर उतारा म्हणून वेगळं औषध नाही. सलाईन, रक्तदाबाकडे लक्ष, पोटाची काळजी असेच उपचार असतात आणि ते वेळेत सुरू व्हायला हवेत. म्हातारी माणसं, लहान मुलं, मधुमेही यांच्या बाबतीत तर वाट बघूच नका.

पायरी ३: याच्यात आहे काय, ते समजून घ्या

आता भीती पुरे. चांगला दुधी निघाला (जवळजवळ नेहमी तसाच निघतो), तर तो काय देतो?

मुख्यतः पाणी. शंभर ग्रॅम दुधीत साधारण पंच्याण्णव ग्रॅम पाणीच असतं. उष्मांक १४-१५, पिष्टमय पदार्थ साडेतीन ग्रॅमच्या आसपास, प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत. थोडं क जीवनसत्त्व असतं, पण शिजवताना त्यातलं बरंच जातं. पोटॅशियम दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास, सोडियम नावाला.

वाचून निराश होऊ नका, याच्यातच त्याचं मोल आहे. वाडगाभर दुधी खाल्ला तरी पोट भरतं आणि उष्मांक जेमतेम जातात. मेसची तेलकट भाजी वर्षभर खाऊन ज्यांच्या पँटा घट्ट झाल्यात त्यांना हे कळेल. पचायला हलका, म्हणून तापातून उठलेल्याला देतात. एप्रिल-मे महिन्यात सांगलीचं ऊन अंगावर आल्यावर भूक मरते, तेव्हा दुधीचं पातळ वरण उतरतं. मधुमेह्याला ही भाजी बिनधास्त चालते, रक्तातली साखर ती झपकन वाढवत नाही. रक्तदाब असलेल्यालाही चालते, फक्त मीठ तुम्ही किती घालता ते तुमच्या हातात.

आता जे होत नाही ते. दुधीनं हृदयाच्या नळ्यांतले अडथळे विरघळत नाहीत. मधुमेहाची गोळी सुटत नाही. रोज भाजी खाऊन औषध बंद केलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि पुढे काय झालं तेही. हलव्याला तर दुधी म्हणून पथ्यात धरूच नका. त्यात साखर, तूप आणि खवा असतो, दुधी निमित्ताला.

पायरी ४: कशाबरोबर खावं, कशाबरोबर नाही

शत्रुत्व सांगायचं असलं की आपण विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतो. फोनवरच्या मजकुरांनी आता भोपळ्याचं वैर सगळ्या मंडईशी लावून दिलंय. एकेक बघू.

कारलं. हे एकच वैर खरं, पण मजकुरात सांगतात त्या कारणानं नाही. दुधी आणि कारलं पोटात एकत्र येऊन कुठलं विष तयार करत नाहीत. दुपारी कारल्याची भाजी आणि रात्री दुधीची खाल्ली तर काही बिघडत नाही. भानगड रसात आहे. दोघांचा रस एकत्र काढला की कडूपणा कुणाचा ते कळत नाही. दुधी कडू निघाला तरी तुम्ही म्हणता कारल्याचा आहे, आणि नाक दाबून ग्लास रिकामा करता. दिल्लीत २०१० साली एक शास्त्रज्ञ असेच गेले. दुधी आणि कारल्याचा एकत्र रस ते वर्षानुवर्षं घेत होते, एक दिवस तो नेहमीपेक्षा कडू लागला, तरी प्यायला. त्यानंतर केंद्र सरकारनं तज्ज्ञांची समिती बसवली. तिनं सांगितलं ते आपल्या स्वयंपाकघरातलंच होतं: रस काढण्याआधी तुकडा चाखा, कडू असेल तर टाका, दुधीच्या रसात दुसरा कुठलाही रस मिसळू नका. २०१८ च्या जूनमध्ये पुण्यात एक बाई कडू दुधीच्या रसानंच गेल्याच्या बातम्या आल्या होत्या. पुणं काही लांब नाही.

म्हणजे लिंबू, आवळा, आलं, पुदिना, मध, काळं मीठ हे सगळंही रसात त्याच कारणानं संशयित. चव झाकणारं काहीही आधी घालायचं नाही. भाजीतसुद्धा गूळ, चिंच, टोमॅटो, चटणी चाखल्यानंतरच. माझी चूक आठवा.

रसाबद्दल माझं मत विचाराल तर, पिऊ नका. ग्लासभर रसाला चारशे-पाचशे ग्रॅम दुधी जातो. तंतू गाळणीत राहतात. भाजीत कडू लागलं तर माणूस दोन घासांत थांबतो, रस मात्र औषध समजून एका दमात घशाखाली जातो. बागेच्या तोंडाशी गाड्यावर मिळणारा तयार रस तर मुळीच नको. तिथे कुणी चाखून बघितलं होतं, कोण सांगणार? ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे, किंवा रक्तदाबासाठी पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी रोज रस घ्यायचं मनात आणण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. वाटीभर भाजीतलं पोटॅशियम वेगळं आणि अर्ध्या किलोचं एका घोटातलं वेगळं. पोटॅशियमचं कडक पथ्य असेल तर फोडी भरपूर पाण्यात उकडून पाणी ओतून द्यायचं, मग फोडणी.

दूध. दुधी हलवा आणि दुधीची खीर इतकी वर्षं खाऊन कुणाच्या अंगावर काही उठल्याचं मला माहीत नाही. विरुद्ध आहार म्हणून आयुर्वेदात सांगतात ती नेहमीची उदाहरणं म्हणजे दूध आणि मासे, किंवा मध आणि तूप समभाग. कुणाला दूध सोसत नसेल तर त्याला दुधीशिवायही सोसत नाही. खिरीत दूध फाटायची भीती असते, त्यावर उपाय म्हणजे कीस आधी तुपावर चांगला परतून पाणी आटवायचं, मग दूध, आणि साखर शेवटी.

दही. उकडलेल्या दुधीच्या किसाची दह्यातली कोशिंबीर झकास होते, वर जिऱ्याची फोडणी. उन्हाळ्यात सकाळी करून रात्री खाऊ नका, आंबते. एवढंच.

कोबी, फ्लॉवर, हरभऱ्याची डाळ. यांनी काहींना पोटात वायू धरतो. दुधी शेजारी होता म्हणून त्याच्यावर आळ येतो. पोट हळवं असेल तर हरभऱ्याच्या डाळीऐवजी मूगडाळ घाला, गुण येतो.

बीट. या जोडीत धोका असल्याचं मला कुठेच सापडलं नाही. बीट खाल्लं की काहींना दुसऱ्या दिवशी लघवी लालसर होते, माणूस घाबरतो आणि आदल्या दिवशी आणखी काय खाल्लं ते आठवायला लागतो. दुधी आठवला की झालं.

मग चांगली जोडी कुठली? डाळ आणि शेंगदाणे. दुधीत प्रथिनं नाहीत म्हणून डाळ. चव नाही म्हणून कूट. सोबत शाळूची भाकरी.

पायरी ५: भाजी

दोघांपुरती. पाव वाटी हरभऱ्याची डाळ तासभर भिजवा (विसरलात तर गरम पाण्यात अर्धा तास). चाखून झालेला अर्धा किलो दुधी बोराएवढ्या फोडी करून चिरा. आतलं बी कोवळं असेल तर राहू द्या, दाताला लागत असेल तर चमच्यानं काढा. फोडी लगेच फोडणीला टाकणार नसाल तर पाण्यात ठेवा, नाहीतर काळ्या पडतात.

कढईत दीड चमचा तेल. मोहरी तडतडली की जिरं, हिंग, चार लसूण पाकळ्या ठेचून, कढीपत्ता, पाव चमचा हळद. हळद सांगलीची आहे, चिमूट कमी घातली तरी रंग येतो. डाळ निथळून दोन मिनिटं परता, मग फोडी.

आता नवी माणसं हमखास चुकतात ती जागा. भाजीत पाणी ओतायचं नाही. कढईवर खोलगट ताटली झाका आणि त्या ताटलीत वाटीभर पाणी ओता. आच मंद. वरच्या गार पाण्यामुळे आतली वाफ ताटलीच्या बुडाला जमून थेंबाथेंबानं परत भाजीत पडते, आणि दुधीला स्वतःचंही पाणी सुटतं. पाच-सात मिनिटांनी ताटली उचलून हलवा. डाळ अजून कच्ची असेल आणि खाली लागतंय असं वाटलं तर ताटलीतलं तेच गरम झालेलं पाणी दोन चमचे घाला. माझ्या आईनं मला हे शिकवलं तेव्हा मला वाटलं होतं की ताटलीतलं पाणी झाकण जड व्हावं म्हणून असतं. पुष्कळ दिवस वाटत होतं.

बारा-पंधरा मिनिटांत फोडी काचेसारख्या दिसायला लागतात. डाळीचा दाणा बोटांत दाबला तर तुटावा, पीठ होऊ नये. आता मीठ. आधी घातलं तर फार पाणी सुटतं आणि भाजीची आमटी होते. मग चमचाभर चटणी, दोन चमचे कूट, गुळाचा लहान खडा, कोथिंबीर. झाकून दोन मिनिटं. संपलं.

साली टाकू नका. धुऊन बारीक चिरायच्या, थोड्या तेलावर कुरकुरीत होईतो परतायच्या, त्यात तीळ, सुकं खोबरं, लसूण, लाल तिखट आणि मीठ घालून खलबत्त्यात कुटायच्या. वरच्या मुलांनी मागे ही चटणी भडंगावर घालून खाल्ली. मला आधी विचित्र वाटलं, मग मीही खाल्ली. साल सुद्धा आधी चाखायची, हे वेगळं सांगायला नको ना?

उरलेला कच्चा अर्धा दुधी कापलेल्या बाजूला ओलं फडकं लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकतो. अख्खा आठवडाभर.

गच्चीवर वेल लावायचा असेल तर

दरवर्षी एखादा हौशी निघतोच. बी दुकानातलं पाकिटातलं घ्या. बाजारातला दुधी संकरित वाणाचा असतो, त्याच्या बियांतून तसंच फळ येईल याची खात्री नसते. घरचं बी धरायचं असेल तर आसपास कडू भोपळ्याचा रानवेल नाही ना ते बघा. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, रात्रीचे पतंग या वेलावरून त्या वेलावर परागकण नेतात. त्या परागानं त्या वर्षीचं फळ कडू होत नाही, पण त्यातल्या बियांतून पुढच्या वर्षी काय निघेल ते फक्त त्या पतंगाला माहीत. पाणी नेमानं द्या. सुट्टीत गावी जाताना कुणाला तरी सांगून जा, चार दिवस सुकवून पाचव्या दिवशी बादलीभर ओतलं असं नको. फळ धरल्यापासून साधारण दोन आठवड्यांत तोडा, मोठा होऊ दे म्हणून ठेवला की तो मिरजेच्या कामाचा होतो.

आणि घरच्या वेलाचा असला तरी चाखायचा. प्रेमापोटी सूट नाही.

कडू निघाला तर तो ओल्या कचऱ्याच्या बादलीत, कागदात गुंडाळून. रस्त्यावरच्या गाईपुढे टाकू नका. आमच्या गल्लीत भाजीचं उरलंसुरलं गाईला घालायची पद्धत आहे आणि चांगली आहे, पण हे द्रव्य जनावरालाही बाधतं. मागच्याच महिन्यात वरचा एक मुलगा ताटलीत तीन तुकडे घेऊन खाली आला. "काकू, मधला जरा कडू वाटतोय, तुम्ही बघता का?" मी बघितला, थुंकला, आणि घंटागाडी यायच्या आत दोघांनी मिळून तो सत्तर रुपयांचा दुधी बादलीत टाकला. त्या रात्री त्यांनी अंडी केली.